युव्हर्जनचं बायबल ॲप: रोजच्या मराठी शास्त्रवाचनासाठी किती कामाचं?

युव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि मराठी बायबलच्या निदान चार आवृत्त्या त्यात एकाच ठिकाणी वाचता येतात. मोबाईलमध्ये ते ठेवायला एवढी कारणं पुरेत. पण ॲप मोबाईलमध्ये असणं आणि रोज शास्त्र वाचलं जाणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर कापायला ॲपचे कोणते भाग खरोखर मदत करतात आणि कोणते नुसता वाचल्याचा भास देतात, ते इथे पाहू. आमचं मत आधीच सांगतो: वाचनक्रम, आवाज आणि नोंदी हे तीन भाग मनापासून वापरावेत. बाकीचं बरंचसं बंद ठेवलं तरी काही अडत नाही.

हे ॲप अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्च या मंडळीने केलेलं आहे. २००७ साली त्याची सुरुवात संकेतस्थळ म्हणून झाली. जुलै २००८ मध्ये ॲपलने आपलं ॲप स्टोअर उघडलं, तेव्हा पहिल्याच तुकडीत हे ॲप होतं. खर्च देणग्यांवर चालतो, म्हणून पैसे भरल्यावरच उघडणारा असा एकही भाग यात नाही.

पहिल्या दिवशी वाचायला बसण्याआधी दहा मिनिटं मांडणीला द्या. खातं उघडा, कारण खात्याशिवाय वाचनक्रम, खुणा आणि नोंदी जपल्या जात नाहीत. मग भाषा मराठी करून आवृत्ती निवडा आणि तिचा मजकूर मोबाईलवर उतरवून घ्या. हे उतरवणं महत्त्वाचं आहे. मजकूर हाताशी असला की वाचनाच्या वेळी इंटरनेट बंद ठेवता येतं, आणि नेट बंद असलं की व्हॉट्सॲपचा निरोप मध्येच डोकावत नाही. मोबाईलवरचं शास्त्रवाचन मोडण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं: माणूस मार्काच्या चौथ्या अध्यायात असतो, वर एक पट्टी चमकते, आणि बीज पेरणाऱ्याचा दाखला तिथेच राहतो. अक्षर मोठं करून घ्या. देवनागरीत मात्रा, रफार आणि जोडाक्षरं असल्यामुळे इंग्रजीला पुरणारा आकार मराठीला अपुरा पडतो आणि दोन अध्यायांतच डोळे थकतात.

आता आवृत्तीबद्दल. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या दोन आवृत्त्या इथे आहेत. नावात 'आर.व्ही.' असलेली पुनर्संपादित आवृत्ती म्हणजे मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये उपासनेच्या वेळी ऐकू येते ती, 'सार्वकालिक जीवन' म्हणणारी भाषा. 'सी.एल.' ही त्याच संस्थेची सोप्या, रोजच्या मराठीतली आवृत्ती. शिवाय बिब्लिकाची 'मराठी समकालीन आवृत्ती' आणि 'इंडियन रीवाइज्ड व्हर्जन'ची मराठी प्रत. चारही चाळून पाहायला हरकत नाही, पण रोजच्या वाचनासाठी एक ठरवा आणि वर्षभर बदलू नका. कारण अगदी व्यावहारिक आहे. वचन पाठ होतं ते तेच शब्द त्याच क्रमाने पुन्हापुन्हा कानावर पडल्याने. आज एका आवृत्तीत, उद्या दुसऱ्या आवृत्तीत वाचलं तर अर्थ समजतो, पण ओठांवर एकही वचन पूर्ण बसत नाही. दुखण्याखुपण्याच्या वेळी ॲप उघडायचं बळ नसतं; तेव्हा तोंडपाठ असलेलंच कामी येतं.

मंडळीत आर.व्ही. वाचली जात असेल तर घरीही तीच घ्यावी, असं आम्ही सुचवतो. रविवारी ऐकलेलं आणि आठवडाभर वाचलेलं एकमेकांत मिसळतं. जिथे वाक्य अडेल तिथे तेवढ्या वचनापुरती सी.एल. उघडून पाहावी आणि परत यावं. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने मात्र सरळ सी.एल.पासून सुरुवात करावी. कुठली मराठी घ्यावी हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बायकांना वाचून कळावं म्हणूनच. १९२२ साली त्या गेल्या, आणि तो अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कळणाऱ्या मराठीत वाचणं म्हणजे भक्तीत काही उणेपणा नव्हे, एवढं त्या कामावरून घ्यावं.

(नव्या वाचकासाठी एक सूचना: पुस्तकांच्या यादीत 'अनुवाद' दिसलं तर ते भाषांतराचं बटण नव्हे. ते मोशेचं पाचवं पुस्तक आहे.)

या ॲपचा खरा गाभा म्हणजे वाचनक्रम, आणि इथेच निवड चुकते. मराठीतले वाचनक्रम इंग्रजीच्या मानाने थोडे आहेत. त्यांतले पुष्कळसे तीन, पाच किंवा सात दिवसांचे, एखाद्या विषयावरचे: चिंता, क्षमा, लग्न. रोज एक छोटं मनन आणि त्याखाली दोन-चार वचनं. वाचायला ते बरे आहेत. पण सवय लावायला कच्चे, कारण दर आठवड्याला क्रम संपतो आणि पुढचा कुठला घ्यायचा हे नव्याने ठरवावं लागतं. ठरवण्याचा क्षण आला की टाळण्याची वाट उघडते. शिवाय मननाचा मजकूर मोठा आणि वचन छोटं, त्यामुळे माणूस लेखकाचं वाचतो आणि शास्त्र ओझरतं पाहतो.

सवय बसायला किती दिवस लागतात याबद्दल २१ दिवसांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात रोजची नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत हा आकडा १८ ते २५४ दिवसांपर्यंत हलला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. म्हणून पहिला क्रम दोन महिन्यांहून लांब हवा, आणि रोजचा वाटा लहान हवा.

पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्याला आम्ही हा क्रम सुचवू, रोज एक अध्याय: मार्काचे १६, याकोबाच्या पत्राचे ५, फिलिप्पैकरांस पत्राचे ४, योहानाचे २१ आणि प्रेषितांच्या कृत्यांचे २८. एकूण ७४ दिवस. यासाठी ॲपमधल्या कुठल्याही तयार क्रमाची गरज नाही. बायबलचं पान उघडलं की शेवटचा वाचलेला अध्याय समोर येतो, तिथून पुढे जायचं. एक मध्यम अध्याय मोठ्याने वाचायला चार-पाच मिनिटं लागतात. मोठ्यानेच वाचा. मनात वाचताना डोळे ओळी गाळतात, जीभ गाळत नाही.

यानंतर नवा करार पूर्ण करायचा असेल तर हिशेब सोपा आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे ५२ आठवडे केले की बरोबर २६० होतात. शनिवार राहिलेलं भरून काढायला, रविवार मंडळीला.

आणि संपूर्ण बायबल? प्रोटेस्टंट बायबलची ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच धरले तर वर्षात संपतात. एक जानेवारीला कितीतरी घरांत हाच संकल्प होतो आणि तो एका ठरावीक जागी मोडतो. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय मिळून ९०. या वेगाने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वाचक लेवीयच्या दारात पोहोचतो. निर्गमच्या शेवटी निवासमंडपाची मापं आणि पडदे वाचून तो आधीच दमलेला असतो. पुढे लेवीयात होमार्पण, अन्नार्पण, चरबी, रक्त, महारोगाचे नियम. कथा थांबलेली असते, रोजचे तीन अध्याय एकाच ठिकाणचे असतात, आणि दुसरीकडे वळायला जागा नसते. मग दोन दिवस चुकतात, सहा अध्याय साचतात, त्यांचं ओझं वाटू लागतं आणि वाचन थांबतं.

यावर उपाय वाटा बदलण्याचा आहे, आणि ॲपमध्ये त्यासाठी एक जुना, कसोटीला उतरलेला क्रम मिळतो: मॅकशेन यांचा. रॉबर्ट मरे मॅकशेन हे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या सेंट पीटर्स मंडळीचे पाळक. १८४२ च्या शेवटी त्यांनी आपल्या मंडळीसाठी हा तक्ता केला, आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी ते वारले. तक्ता मात्र आजही वापरात आहे. रोज चार जागी एकेक अध्याय. एक जानेवारीला उत्पत्ति १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. चार प्रवाह असल्यामुळे लेवीय कधी एकटं अंगावर येत नाही. ते येतं मार्चअखेर, रोज साधारण एक अध्याय, आणि सोबत बहुतेक दिवस स्तोत्रं, नीतिसूत्रे आणि पत्रं असतात. याच क्रमात दोन रकाने कुटुंबाने मिळून वाचायचे आणि दोन एकट्याने वाचायचे, अशी मूळ आखणी आहे. संध्याकाळची घरची प्रार्थना अजून टिकून असलेल्या मराठी घरांना ही आखणी नेमकी बसते.

रोज चार अध्याय म्हणजे साधारण वीस मिनिटं. नोकरी आणि लोकलचा प्रवास करणाऱ्याला ते जड जातील. तेव्हा दोनच रकाने घ्या आणि दोन वर्षं लागू द्या. इंग्रजी नावाने सापडणारा क्रम घेतला तरी अडचण नाही. त्यातले अध्याय आपण निवडलेल्या मराठी आवृत्तीतच उघडतात, इंग्रजी राहतं ते फक्त शीर्षकात.

लेवीयला पोहोचल्यावर ते ओलांडून पुढे जाऊ नका. १६ वा अध्याय, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायासोबत वाचा. पडद्याच्या आत जाणारा याजक कोणाची छाया आहे ते तिथे उघड होतं. आणि 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा लेवीय १९:१८ ची आहे. मार्क १२:३१ मध्ये येशू तीच सांगतो. फेब्रुवारीत थांबणारा वाचक हिच्या अलीकडेच थांबलेला असतो.

दिवस चुकले तर काय? ॲपमध्ये चुकलेल्या दिवसाची तारीख आजवर सरकवून पुढचा क्रम नव्याने मांडण्याची सोय आहे. ती निःसंकोच वापरा. वर्ष ३१ डिसेंबरला न संपता १० जानेवारीला संपेल, एवढंच. चुकलेले सहा अध्याय एका बैठकीत उरकणं ही सगळ्यात वाईट भरपाई, कारण त्या बैठकीत डोळे धावतात आणि मनन शून्य होतं. तारखेला बांधलेली सलगता हवीच असेल, तर चुकलेलं सोडून द्या आणि आजच्या तारखेचं वाचा. पुढच्या वर्षी तो भाग परत येणारच आहे.

आता तक्रारीची बाजू. ॲप तुमचे सलग दिवस मोजतं आणि आकडा समोर धरतं. ही मोजणी ॲप उघडण्याची आहे, वाचण्याची नाही. रात्री अकरा वाजता नुसतं उघडून मिटलं तरी आकडा वाढतो. पहिल्या महिन्यात त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण पुढे माणूस आकडा जपू लागतो, आणि एखाद्या आजारपणात तो तुटला की वाचनच तुटतं. शास्त्रवाचन देवाचं बोलणं ऐकण्यासाठी आहे. त्याची मोजदाद ठेवायचीच असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, वाचलेल्या अध्यायाचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवा. तिथे न वाचता खूण करायला हात धजत नाही.

दुसरी गोष्ट, रोजचं वचन. सुंदर चित्रावर एक वचन येतं, ते पुढे पाठवलं जातं, आणि दिवसाचं वाचन झालं असं वाटतं. यिर्मया २९:११ घ्या, भविष्याची आणि आशेची ग्वाही देणारं. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं सांगितलं आहे. फिलिप्पै ४:१३ चं सामर्थ्य परीक्षेत पहिलं येण्याचं नाही; आदल्या वचनात पौल भुकेत आणि विपुलतेत सारखंच राहायला शिकल्याचं सांगतो. एकटं वचन आलं तर चित्र पुढे पाठवण्याआधी त्याचा अख्खा अध्याय उघडा. तेवढं जमत नसेल तर ही सूचना बंद करा आणि फक्त वाचनाच्या वेळेची आठवण ठेवा.

ती आठवण कधीची लावावी? घरात रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या पाच मिनिटं आधीची. सकाळचा चहा, मुलांची शाळेची गाडी निघून गेल्यानंतरची शांतता, दुकानाचं शटर उघडण्याआधीची वेळ. 'रात्री झोपताना' ही वेळ नव्या माणसाने टाळावी. अंथरुणात मोबाईल हातात घेतला की दुसऱ्या पानावर झोप येते, आणि रात्रीचा कार्यक्रम रोज वेगळ्या वेळी संपतो.

आवाजाची सोय फार मोलाची आहे. आवाज असलेल्या आवृत्तीच्या पानावर त्याची खूण दिसते. प्रत्येक मराठी आवृत्तीला तो नाही, म्हणून क्रम सुरू करण्याआधी तपासा. मजकूर उतरवला म्हणजे आवाजही उतरला असं धरू नका. वेग कमी-जास्त करता येतो आणि ठरावीक वेळाने बंद होण्याची व्यवस्थाही आहे. दृष्टी अधू झालेल्या आजी-आजोबांसाठी एवढ्यासाठीसुद्धा हे ॲप लावून द्यावं. वंशावळ्या आणि इतिहासाची पुस्तकं ऐकायला सोपी जातात. पत्रं मात्र ऐकून निसटतात. रोमकरांस पत्राचं एक वाक्य चार वचनांवर पसरलेलं असतं, तिथे डोळ्यांपुढे मजकूर हवा.

नोंदी लिहिताना मोठं मनन लिहायला जाऊ नका, आठवड्यात थकाल. तीन ओळी पुरेत: या अध्यायात देवाविषयी काय कळलं, पाळण्यासारखी आज्ञा किंवा धरून ठेवण्यासारखं वचन कुठलं, त्यावरून एका वाक्याची प्रार्थना. अध्यायातलं काही कळलं नाही तर प्रश्न तसाच नोंदवा आणि रविवारी पाळकांना विचारा. रंगीत खुणा करताना दोनच रंग ठेवा, अभिवचनांना एक आणि आज्ञांना एक. पाच रंग झाले की कुठला कशाचा हेच आठवत नाही.

मित्रांसोबत एकच क्रम वाचण्याची सोय परगावी, परदेशी पांगलेल्या कुटुंबांसाठी उत्तम आहे. भाऊ अहिल्यानगरला, बहीण दुबईला, आई-वडील पुण्यात, आणि सगळ्यांचा त्या दिवसाचा अध्याय एकच. प्रत्येकाने दिवसाच्या पानावर एकेक ओळ लिहायची. गट चार-पाच जणांचाच ठेवा. वीस जणांच्या गटात कोणी लिहिलं नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लिहिणारे तिघंच उरतात.

वसई-उत्तनकडच्या कॅथलिक वाचकांसाठी एक भेद सांगायला हवा. कॅथलिक बायबलची पुस्तकं ७३ आहेत. ॲपमधले वर्षभराचे बहुतेक क्रम ६६ पुस्तकांवर बेतलेले असतात, त्यामुळे तोबीत किंवा मक्काबी त्यात येणार नाहीत. तुमच्याकडे मिस्साची रोजची वाचनं हा तयार क्रम आहेच: रविवारचं चक्र तीन वर्षांचं, आठवड्याच्या दिवसांचं दोन वर्षांचं. आदल्या संध्याकाळी ती वाचून ठेवली तर वेगळ्या क्रमाची गरज उरत नाही.

छापील प्रतीबद्दल. ॲप असलं तरी घरात एक मोठ्या अक्षराचं छापील बायबल उघडं दिसेल अशा जागी असावं. बंद मोबाईल कोणाला बोलावत नाही. टेबलावरचं पुस्तक बोलावतं. आपण कुठे वाचतोय हेही त्यात हाताला कळतं, डाव्या पानावर खालच्या बाजूला, असं वचन लक्षात राहतं. कागद पातळ असतो, म्हणून जेलपेन आणि ओला हायलायटर वापरू नका, शाई मागच्या पानावर उतरते. मऊ पेन्सिल किंवा कोरडी रंगीत पेन्सिल चालते. वाचन छापील प्रतीत, क्रम आणि आठवण ॲपमध्ये, प्रवासात दोन्ही ॲपमध्ये, ही विभागणी बऱ्याच जणांना जमते.

वर्षाच्या मध्यावर सुरुवात करायला संकोच वाटत असेल तर डिसेंबरची वाट पाहा. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरला पहिला अध्याय घेतला तर २४ तारखेला शुभवर्तमान पूर्ण होतं. पहिल्या अध्यायात ८० वचनं आहेत, त्या दिवशी दहा मिनिटं जास्त ठेवा. जन्माची कथा दुसऱ्याच दिवशी वाचून होते, म्हणून २५ तारखेला उपासनेला निघण्याआधी दुसरा अध्याय सगळ्यांनी मिळून पुन्हा, मोठ्याने वाचा.